टांगलेल्या सायकली

१२ जानेवारी, रविवार

दादा,

आधीच सॉरी बोलते. माझं ऱ्हस्व दीर्घ चुकणार, आणि मी एका बोटाने टाइप करते, म्हणून चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून आल्यावर सुरू केलेलं तुला पोचेपर्यंत जेवणं होतील. व्हॉइस मेसेज पाठवला असता. पण रेकॉर्डचं बटण दाबलं की माझा घसा बंद होतो, तुला माहितीय.

मी सँड्रा. तू माझा नंबर ठेवला नसशील तर म्हणून सांगते. एक तारखेला 'हॅपी न्यू इयर' टाकून बघितलं, दोन टिक आल्या, म्हणजे नंबर तोच आहे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

बातमी अशी की पप्पा दुकान देतायत. तुमच्या कंपनीला.

तू विरारच्या शोरूमला आहेस म्हणजे तुला आधीच कळलं असेल. तू घर सोडलंस तेव्हा बोलला होतास की आज गोड बोलून मागतायत तर देऊन टाका, नाहीतर उद्या न मागता घेतील. पप्पा दारात उभे राहून जे बोलले ते मी टाइप करत नाही. आता घरात कोणीच बोलत नाही की एरॉल बरोबर होता. मी पण बोलत नाहीये. फक्त सांगते.

पहिलं उमेळ्याच्या जितेश काकांचं दुकान गेलं. तुमच्या कंपनीचा निळा बोर्ड लागला, आत एसी लागला. मग वसई रोडचा होलसेलवाला पप्पांना बोलला, "अंकल, नवीन सायकली आता फक्त कंपनीच्या दुकानांना." या नाताळात आपल्या दुकानात एकच नवी सायकल होती. छोटी, गुलाबी, तीसुद्धा उन्हात राहून फिकी पडलेली. आपल्या होळी गावातली पोरं बापाचा हात धरून यायची, ती बघायची आणि परत जायची. पप्पा स्वतः त्यांना उमेळ्याचा पत्ता सांगायचे.

मग तुमच्या वसुंधरा मॅडम आल्या. स्कूटीवरून, एकट्या. चांगल्या आहेत. केक खाल्ला, कुलकुलं पण खाल्ली. मग बोलल्या, "काका, एरॉल तुमचाच ना? शोरूमला असतो आमच्या. छान काम करतो."

पप्पा एका चाकात हवा भरत होते. ते भरतच राहिले. ट्यूब फुटली. मॅडम एवढ्या दचकल्या की बशी पडली.

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, शिकतेस काय. मी खाली बघितलं. पप्पा बोलले, "नववीत सोडली. वाकड्या चाकाचा आऊट एकदम सरळ काढते." मॅडम बोलल्या की कंपनीला मुली मेकॅनिक पाहिजेतच, दहावीची अट असते पण त्या वरती शब्द टाकतील. भिवंडीला ट्रेनिंग, मग आपल्याच दुकानात काम, मागच्या बाजूला. गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही.

मला ते पाहिजे, दादा. पप्पांना मी तसं दाखवलं नाही. तुला सांगते.

सँड्रा


२६ जानेवारी, रविवार

दादा,

निळ्या टिक आल्या, म्हणजे वाचलंस. थँक्यू.

सही झाली. मॅडमनी कागद वाचून दाखवला, पप्पा मान हलवत होते. मला वाटतं ते मागच्या भिंतीकडे बघत होते, तुझी आणि माझी उंची खिळ्याने कोरलीय तिथे. पण नक्की सांगता येत नाही.

गुरुवारी कंपनीची दोन पोरं स्टिकर घेऊन आली. प्रत्येक वस्तूला नंबर. पंपाला, स्टुलाला, भिंतीवरच्या घड्याळाला. पप्पा बँकेत गेले होते. त्यातला एक शिडी लावून वर चढला आणि टांगलेल्या सायकलींना पण स्टिकर लावायला लागला. सॅमी अंकलच्या काळ्या डबलबार सायकलला, श्रीरंगच्या हिरव्याला, सगळ्यांना. तुझ्या लालला पण. मी खाली उभी होते. "त्या आपल्या नाहीत" एवढंच बोलायचं होतं. तो चढला, लावले, उतरला, चहा प्यायला, गेला. मी काय बोलले नाही.

पप्पा आले तेव्हा मॅडम पण होत्या.

"काका, वरच्या जुन्या पण धरल्यात आम्ही."

"कशात धरल्यात?"

"मालात."

"तो माल नाही. सायकली आहेत."

मॅडमना वाटलं पप्पा मस्करी करतायत, त्या हसल्या. पप्पांना वाटलं मॅडम मस्करी करतायत, ते पण हसले. दोघं बराच वेळ हसले. मग एकदम थांबले.

मग पप्पांनी समजावलं. तुला काय सांगायचं, पण त्यांनी कसं सांगितलं ते सांगते. बोलले, आमच्याकडे जो जहाजावर नाहीतर गल्फला जातो तो जायच्या आदल्या दिवशी इथे येतो आणि स्वतःच्या हाताने सायकल हुकाला टांगतो. परत आला की स्वतःच्या हाताने उतरवतो. मधे कोणी हात लावत नाही. बायकोने मागितली तरी देत नाही. मी फक्त तेलपाणी बघतो. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच आहे.

मॅडम बोलल्या, "म्हणजे लोकांच्या आहेत. मग काही लिहून घेतलंय का? पावती वगैरे?"

"टांगायला येतो त्याला पावती देऊ? ही पोरं इथे माझ्या समोर सायकल शिकली. पडली तेव्हा मीच हळद लावली."

"काका, मला पटतंय. पण करारात लिहिलंय, दुकानाच्या आत असलेलं सगळं. तुम्ही सही केलीत."

"सगळं म्हणजे माझं सगळं. दुसऱ्याचं मी कसं विकणार?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्या बोलल्या, ताबा घ्यायच्या आधी मालकांना येऊन घेऊन जायला सांगा, ओळखपत्र घेऊन. नाहीतर वरून ऑर्डर आहे, जुन्या सायकली भंगारात. आता मालक समुद्रात. ओळखपत्र दाखवायला जहाजावरून कसे येणार?

तू तिथे आहेस. कुठली सायकल कोणाची तुला पाठ आहे. तू कोणाला तरी सांगितलंस तर होईल का? मला तुमच्या ऑफिसचं काही कळत नाही, म्हणून विचारलं.

सँड्रा


२ फेब्रुवारी, रविवार

दादा,

"माझ्या हातात नाहीये" एवढं टाकलंस. ठीक आहे. उत्तर आलं ते मी पप्पांना सांगितलं नाही.

पप्पा रोज एकेकाला फोन लावतात. व्हॉट्सअॅपवर, स्पीकर ठेवून, कारण कानाला लावलं की त्यांना ऐकू येत नाही. काल सॅमी अंकलला लागला. मागे इंजिनाचा आवाज.

"ऑगस्टीन! बोल रे! सायकल आहे ना माझी?"

"आहे."

"गंजली काय?"

"माझ्या दुकानात गंजेल काय?"

"मग आल्यावर मी त्याच्यावरून अर्नाळ्याला जाणार, बघ. डॉक्टर बोललाय वजन कमी कर. ठेव नीट!"

"ठेवतो," पप्पा बोलले. फोन ठेवला. मग दुसऱ्याला लावला. त्याला पण तेच. दुकान विकलं हे कोणालाच सांगितलं नाही. प्रत्येकाला "आहे, आहे, टांगलेली आहे" बोलतात आणि फोन झाला की शिडीवर चढून त्या सायकलला फडकं मारतात. फडकं मारताना स्टिकर सोडून बाकीचं पुसतात.

मी बोलले, आपणच उतरवून घरी पोचवू. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काय मी मिस्सात शिटी मारली. "ज्याने टांगली तो उतरवेल." मग जेवले आणि झोपले.

शुक्रवारी मॅडमचा फोन आला. माझं भिवंडीचं नक्की झालं. युनिफॉर्मचा साइज विचारला. मी पप्पांकडे फोन दिला, पप्पांना साइज माहीत नव्हता, ते बोलले, "मध्यम."

ताबा पुढच्या पुढच्या शनिवारी आहे.

सँड्रा


८ फेब्रुवारी, शनिवार

दादा,

हे चोरीत येतं का ते मला सांग. तू कंपनीत आहेस तर तुला माहीत असेल. मी काय केलं ते आधी सांगते.

आज पप्पा नंदाखालला लग्नाला गेले, इझाबेल आन्टीच्या मुलाच्या. मला पण चल बोलले होते. मी बोलले, पोटात दुखतंय. लग्नात सगळे विचारतात काय करतेस म्हणून मी जात नाही, ते त्यांना माहीत आहे, म्हणून जास्त विचारलं नाही.

दुपारी शटर अर्धं खाली केलं आणि शिडी लावली.

पहिली सॅमी अंकलची उतरवली, कारण सगळ्यात जड तीच. स्टिकर सोलून हुकालाच चिकटवला. म्हणजे कंपनीचे नंबर कंपनीला राहिले. हवा भरली आणि चालवत निघाले. माझा बेत असा होता की अंगणात लावायची, घंटी वाजवायची आणि निघून यायचं. कोणाशी बोलायला नको.

अंकलची बायको क्लेमेंटीन आन्टी ओट्यावर वाल सोलत होती. तिने आधी सायकल बघितली. मग मला. मग माझ्या मागे रस्त्यावर बघितलं, तिथे कोणी नव्हतं. वालाचं सूप तिच्या हातातून पडलं आणि ती उठून उभी राहिली.

"काय झालं त्याला?"

मला कळलंच नाही ती काय विचारतेय.

"सँड्रा, जहाजावरून काय कळलं? सायकल का आणलीस? बोल ना गं!"

तेव्हा मला कळलं. आपल्याकडे सायकल मालकाशिवाय कधी घरी आलेली नाही. आणि मी तोंड उघडते, घसा बंद. आन्टी तोंडावर हात घेऊन "येशू, येशू" करतेय, शेजारच्या बायका कुंपणाला आल्या, आणि मी उभी. मग माझ्याकडून एकदम मोठ्याने निघालं, "दुकान विकलं!"

"काय?"

"अंकल बरे आहेत. दुकान विकलं. कंपनीला. सायकली भंगारात टाकतील म्हणून आणली."

आन्टीने श्वास घेतला. पदराने तोंड पुसलं. मग जी सुरू झाली. "मेली! जीव घेतलास माझा! आणि आता बरी दिलीस! मी मागितली होती बाजाराला जायला, तेव्हा तुझा बाप पोप झाला होता. 'तो उतरवेल, तो उतरवेल.' मी चार पिशव्या घेऊन पायी गेले!" शेजारची मार्गारेट आन्टी कुंपणावरून बोलली, "माझ्या नवऱ्याची पण आण मग. तो दुबईत गाडी चालवतो, त्याला काय ती लागत नाही, पण माझी आहे, मी आणलेय माहेराहून." सगळ्या हसल्या. क्लेमेंटीन आन्टी पण हसली, आणि सांडलेले वाल सुपात भरायला लागली.

त्याच्यानंतर मी प्रत्येक घरी पोचायच्या आधीच, रस्त्यावरूनच ओरडायचे, "सगळे बरे आहेत! दुकान विकलं!" कुत्रे मागे लागले. पण ओरडले.

फक्त मिठागराच्या बाजूला चुकलं. श्रीरंगचा बाप बांधावर उभा होता. त्याला कमी ऐकू येतं. त्याने लांबून हिरवी सायकल बघितली आणि लंगडत धावत आला. हसत होता.

"आला काय? कुठं हाय? मागून येतोय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग सायकल कशी आली?"

मी त्याच्या कानाजवळ जाऊन सगळं सांगितलं. त्याने ऐकलं. सीटवर हात फिरवला. मग बोलला, "पोरी, उन्हाची आलीस, आधी पानी पी." मी प्यायले. मी निघाले तेव्हा तो अजून रस्त्याकडे बघत होता. परत येताना मी चालत आले, प्रत्येक वेळी चालतच आले, म्हणून पाय दुखतायत.

तुझी नेली नाही. बाकीच्यांची घरं होती. तुझं घर तर हेच, आणि दुकान त्याच्याच पुढच्या भागात. विरारचा पत्ता माझ्याकडे नाही. म्हणून ती तशीच आहे.

पप्पा संध्याकाळी आले, लग्नाच्या कोटात. त्यांना लग्नातच फोन आले होते, सगळ्या आन्ट्यांचे. ते शटर वर करून आत आले, वर बघितलं, एकेक हुक बघितला. मी पाना पुसत होते. तोच पाना किती वेळ.

"शिडी लावून काढल्यास?"

"हो."

"तिचा एक पाय हलतो."

मग त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि घरात गेले.

सँड्रा


१६ फेब्रुवारी, रविवार

दादा,

"कंपनीच्या हिशोबाने चोरीत येतं" असं उत्तर दिलंस. बरं झालं सांगितलंस. तू मॅडमना आधी काही बोलला नाहीस हे मला काल कळलं, कारण त्यांना माहीतच नव्हतं. त्याचं पण थँक्यू.

काल ताबा झाला. मॅडम आल्या, बरोबर ती दोन पोरं. एक टेम्पो. निळा बोर्ड कागदात गुंडाळलेला होता, पण त्याचं एक टोक दिसत होतं. क्लेमेंटीन आन्टी, मार्गारेट आन्टी आणि अजून बऱ्याच बायका समोरच्या बेकरीपाशी उभ्या होत्या. पाव घ्यायला आलोय असं दाखवत होत्या, पण पाव कोणी घेत नव्हतं.

मॅडमनी खालचं सगळं तपासलं. मग वर बघितलं.

"काका, इथल्या सायकली?"

पप्पा बोलले, "गेल्या."

"कोणी नेल्या? मालक आले होते?"

पप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पप्पा खोटं कसे बोलतात ते तुला माहीत आहे, आधी कान लाल होतात. कान लाल झाले. म्हणून मी बोलले, "मी."

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल.

"तू काय?"

"मी नेल्या. ज्यांच्या त्यांच्या घरी. स्टिकर वर आहेत."

एका पोराला हसू आलं, त्याने ते दाबलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना वाईट वाटत होतं असं मला वाटलं. त्या हळू बोलल्या, "सँड्रा, मी तुझ्यासाठी वरती शब्द टाकला होता गं. आता मी हे काय सांगू?" मग बोलल्या, "तुझं ट्रेनिंगचं आपण नंतर बघू."

नंतर बघू म्हणजे नाही. तेवढं मला कळतं. बाहेरून मार्गारेट आन्टी ओरडली, "मॅडम, आमच्या टायरमधली हवा ऑगस्टीनची आहे, ती पण काढून देऊ काय?" बायका हसल्या. पप्पांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

मग त्या पोरांनी शिडी लावली, हुक काढायला. शेवटच्या हुकापाशी गेले तेव्हा मॅडम बोलल्या, "ही एक राहिली वाटतं. ही कोणाची नाही का?"

ती लाल, तुझी. मी पप्पांकडे बघितलं. तू गेल्यापासून घरात तुझं नाव निघालेलं नाही, तुला सांगून ठेवते. 'तो' बोलतात. आजारी असताना पण 'त्याला कळवू नको' बोलले होते. ते मी तुला तेव्हा कळवलं नाही, आता कळवते, आता बरे आहेत.

पप्पा बोलले, "तिला हात लावू नका. एरॉलची आहे."

"एरॉल म्हणजे? आमचा एरॉल?"

"आमचा," पप्पा बोलले.

सगळ्यांसमोर बोलले. बेकरीपर्यंत ऐकू गेलं, कारण क्लेमेंटीन आन्टीने कपाळाला हात लावून क्रूस केला.

मॅडमनी पोरांना सांगितलं की तेवढा हुक राहू द्या, स्टिकर काढून टाका. पप्पांना बोलल्या, "मी त्याला सांगते, काका." पप्पा बोलले, "तुम्ही नका सांगू. त्याला माहीत आहे कुठे आहे ती." मग पप्पांनी चावी दिली. मॅडम दोन्ही हातांनी घेत होत्या, तरी खाली पडली. मी उचलून दिली.

तर आता दुकान तुमचं आहे आणि आत एक सायकल आमची आहे. सोमवारपासून नऊ वाजता उघडणार असं ती पोरं बोलत होती. तुला कोणी अडवणार नाही असं मॅडम बोलल्या. मी ये बोलत नाही. शिडीला स्टिकर लागलाच नव्हता, ती आम्ही घरात आणली आहे, लागेल, म्हणून सांगितलं. पाय मी ठोकून घट्ट केलाय.

पप्पा आत्ता ओट्यावर बसलेत. मी टाइप करतेय ते त्यांना दिसतंय. कोणाला ते विचारलं नाही.

आणि चर्चमध्ये वरच्या माळ्यावर, जिथे क्वायर उभं राहतं, तिथे उदमांजराला पिल्लं झालीत. फादर बोलले, कोणी हाकलायचं नाही, म्हणून आज सगळे खाली उभे राहून गायले आणि मधेच वरून पण आवाज येत होता.

सँड्रा